शाळेतील ध्वनिमुद्रक : वापर व निगा

गोंदिया जिल्ह्यातील मुले शाळेत येताना घरची बोली बरोबर आणतात. कोणाची पोवारी, कोणाची झाडीबोली, तर देवरी-सालेकसा भागात कित्येकांची गोंडी. या बोलींतील गाणी व कहाण्या पुस्तकांत थोड्याच उतरल्या आहेत. बहुतेक वृद्धांच्या कंठातच आहेत, आणि वृद्ध माणूस गेले म्हणजे त्याही जातात. वहीत शब्द राहतील, परंतु हेल राहत नाही. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून त्या बायांचा आवाज आजही ऐकता येतो. हातात मावणाऱ्या डिजिटल ध्वनिमुद्रकाने असे काम गावच्या शिक्षकासही करता येण्याजोगे आहे.

हे यंत्र आवाजाची लहर सेकंदास बहुधा ४४,१०० वेळा मोजते व ते आकडे कार्डावर लिहिते. सर्व आकडे जसेच्या तसे ठेवणारा प्रकार ‘वेव्ह’ होय. १६ बिटांवर, दोन मार्गांनी, त्यास तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. ‘एमपी-थ्री’ प्रकारास, १२८ किलोबिट ठेवल्यास, सुमारे ५८ पुरतात. परंतु गाळलेला अंश पुन्हा मिळत नाही. वर्गातील वाचनास एमपी-थ्री चालेल. आजीच्या गाण्यास वेव्हच ठेवावा. जागेची काटकसर येथे करू नये.

सर्वांत अधिक घोटाळा लाल बटणापाशी होतो. कित्येक यंत्रांत हे बटण एकदा दाबल्यावर यंत्र केवळ सज्ज होते व दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावरच दिवा स्थिर होऊन मुद्रण सुरू होते. काही यंत्रांत मात्र एकदाच दाबणे पुरते. यास्तव दिव्यावर विसंबू नये, पडद्यावरील सेकंद पुढे सरकतात की नाही ते पाहावे. ऐंशी वर्षांच्या बाईने तासभर गावे आणि कार्डावर काहीच नसावे, याहून वाईट काय? तिला पुन्हा गावयास सांगणे जड जाते, आणि दुसऱ्यांदा ती तसे गाईलच असे नाही.

आवाजाची पातळी आधी ठरवावी. गाणाऱ्यास सर्वांत चढा भाग म्हणावयास सांगून पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल अशी कळ फिरवावी. पट्टी शून्यास टेकली की आवाज फाटतो, व तो मागाहून सुधारत नाही. हळू आवाज मात्र वाढविता येतो. पातळी आपोआप बदलणारी सोय गाण्याच्या वेळी बंद ठेवावी, कारण गाणारी थांबली की ती पंख्याची घरघर वर उचलते. यंत्र तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, किंचित बाजूस, घडी केलेल्या कापडावर ठेवावे. पत्र्याखाली पावसात किंवा भातगिरणीजवळ बसू नये. गिरणीची घरघर ‘लो-कट’ने थोडी कमी होते इतकेच. अंगणात वारा असल्यास फेसाची टोपी अवश्य चढवावी.

आरंभी संमती विचारावी, आणि ती, तसेच तारीख, गाव व बोली यांचा उच्चार मुद्रणातच करावा. नाव सांगावयाचे की नाही ते त्या व्यक्तीने ठरवावे. देवदेवतांची काही गाणी बाहेर ऐकवू नयेत असे एखादे घर म्हणेल, ते मानावे.

वर्गात पहिलीच्या मुलाचे वाचन जूनमध्ये एकदा व मार्चमध्ये पुन्हा मुद्रित करून त्याला दोन्ही ऐकवावे; कोठे अडखळणे थांबले ते त्यास स्वतःच कळते.

त्याच दिवशी फाइली संगणकावर व आणखी एका ठिकाणी उतरवून, त्या उघडून ऐकल्यानंतरच कार्ड पुसावे. उन्हाळ्याच्या सुटीत यंत्रातील सेल काढून ठेवावेत. सेल गळाले तर आतील पत्रे गंजतात.