ओल्या बाळंतिणीचे तीन आठवडे

चंपी आमच्या घरची छोट्या चणीची स्पिट्झ. ऐन श्रावणात ती व्याली आणि एवढ्याशा जिवाला सहा पिल्लं झाली. बाळंतपण सुखरूप पार पडलं तशी घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण पुढचे तीन आठवडेच खरे नाजूक असतात. ज्यांच्या घरी कुत्री व्यायची आहे, त्यांनी हे आधीच वाचलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू बाकीच्यांपासून लांब, गप्प पडलं होतं. भेटायला आलेल्या एका पाहुण्यांनी भुकेलं असेल म्हणून मायेपोटी ड्रॉपरने गाईचं दूध त्याच्या तोंडात सोडलं. संध्याकाळी ते गेलं. डॉक्टरांनी नंतर कारण समजावलं. नवजात पिल्लाला अंगातली ऊब राखता येत नाही, सुरुवातीला तर कुडकुडताही येत नाही. अंग गार पडलं की पचन थांबतं, चोखण्याची ताकद जाते आणि तोंडात सोडलेलं दूध फुप्फुसात उतरतं. म्हणून आधी ऊब, मग दूध. पिल्लू सुक्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरा किंवा कोमट पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. ऊब हळूहळूच द्या. वरचं दूध द्यायची वेळ आलीच, तर पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणा. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी प्रथिनं असतात आणि पिल्लांना त्याने जुलाब होतात. पाजताना पिल्लू पोटावर असावं, उताणं कधीच नको.

दुसरा प्रसंग तिसऱ्या आठवड्यातला. एका रात्री चंपी धापा टाकायला लागली. जागेवर बसेना, पिल्लांना जवळ घेईना, पाय ताठ पडले आणि अंग थरथरू लागलं. बाहेर पाऊस. कुणालाही वाटावं, गारठली, गोधडी घाला. पण अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकी तापलेली. फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाले, “आत्ता घेऊन या.” पिल्लांना पाजता पाजता तिच्या रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं. छोट्या चणीच्या, जास्त पिल्लांच्या कुत्रीला हा धोका अधिक. डॉक्टरांनी हृदयाचे ठोके तपासत शिरेतून अगदी सावकाश कॅल्शियम दिलं आणि पिल्लांना काही काळ वरच्या दुधावर ठेवलं. उशीर झाला असता तर झटके येऊन ती दगावली असती. खबरदारी म्हणून गाभणपणी आपल्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या मात्र देऊ नका. त्याने शरीराची कॅल्शियम सांभाळण्याची सवय मोडते आणि धोका उलट वाढतो.

आता रोजचं काम. जागा कोरडी, अंधारी, वारा न लागणारी हवी. बघ्यांची गर्दी नको. पहिल्या दिवसभरात प्रत्येक पिल्लू आईचा चीक प्यायलं पाहिजे. रोगाशी लढायचं पहिलं बळ त्यातूनच मिळतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. वजन थांबलं की समजा, काहीतरी बिनसलंय. पिल्लांना सुरुवातीला शी-शूही आपली आपण करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. आई चाटत नसेल तर ओल्या कोमट कापसाने आपण हलकेच पुसायचं. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, बोटांनी उघडू नका.

आईला दिवसातून तीन-चारदा पोटभर खायला द्या, पाणी सतत जवळ ठेवा. तिचे सड रोज बघा. एखादा लाल, गरम, कडक झाला किंवा अंगावरून घाण वासाचा स्राव जाऊ लागला, तर थांबू नका. दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. आणि आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लू कुणालाही देऊ नका, मागणारा कितीही जवळचा असो.

गप्प पडलेलं पिल्लू झोपलंय आणि थरथरणारी आई गारठलीय, असं घरच्या घरी ठरवू नका. रात्री फोन उचलतील अशा डॉक्टरांचा नंबर कुत्री व्यायच्या आधीच मिळवून ठेवा, आणि शंका आली की सकाळची वाट न बघता तो लावा.