बॅटरी टाका की चालू

जुनी गाडी विकणारा माणूस ती बिघडली आहे असं कधीच सांगत नाही. सुरतेत उधन्यात, पांडेसऱ्यात, डिंडोलीत कुठेही जा, ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: ‘बॅटरी नाखो एटले चालू.’ मग मी विचारतो, एवढ्यावरच अडलं असेल तर तुम्हीच का नाही टाकत? बॅटरी काही हजारांत येते आणि चालू गाडीला तिच्या कितीतरी पट जास्त भाव मिळतो. हे गणित विकणाऱ्याला कळत नाही असं नाही. त्याने बहुधा बॅटरी टाकूनही पाहिलेली असते.

तरी आपण भुलतो, आणि आपण खानदेशी माणसं जरा जास्तच. आखाजी आली, कानबाई आली, भाऊबंदकीत लग्न निघालं की गाव गाठायचं असतं. भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरला उधना स्टेशनवर जी रेटारेटी होते ती पाहिली की वाटतं, आपली चार चाकं असती तर? बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, कोंडाईबारीचा घाट उतरला की आपला मुलूख. लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये पगार काढणाऱ्याला नवी गाडी परवडत नाही, चांगली जुनी घ्यायची तरी कर्ज काढावं लागतं. अशा वेळी कुणीतरी पंचवीस हजारांत मोटार देतो म्हणाला की डोकं आधी गावाला पोहोचतं, गाडी बघायला नंतर जातं.

मलाही पर्वत पाटियाच्या एका सोसायटीत अशीच एक मारुती एस्टीम दाखवली होती. 2004ची, पांढरी. नंबर एमएच 18, म्हणजे धुळ्याचा. आपल्या जिल्ह्याची पाटी परमुलखात दिसली की माणूस मऊ पडतो. वर कव्हर, कव्हरवर कबुतरं. माझ्याबरोबर भाठेनाचे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणतात. शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी काढून लावून बघू, असं मालक म्हणाला तसा चाचांनी हात वर केला. आधी नाही, म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा ओढला, अगदी शेवटपर्यंत. एरवी आपण पट्टा अर्धाच ओढतो, उरलेला आत गुंडाळलेला राहतो. त्या उरलेल्या भागावर एक आडवी करडी रेघ होती. मग त्यांनी पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचललं. खाली वाळलेल्या काळ्या गाळाचा पापुद्रा. खाडीचं पाणी गाडीत शिरून गेलं होतं. सीट धुता येते, डॅशबोर्ड पुसता येतो, पण पट्ट्याचा आतला भाग धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, तेव्हा सुरतेतल्या असंख्य गाड्या बुडाल्या. जून 2025 मध्येही मुसळधार पावसाने खाड्या फुगून लिंबायत, पर्वत पाटिया भागात पाणी भरलं. या शहरात बंद गाडी बघताना पहिला प्रश्न पाण्याचाच हवा.

बॅटरी आधी का नको, हेही त्याच ओघात कळलं. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल आणि सेल मारला, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. थोडक्यात, चालू होते का बघू म्हणून किल्ली फिरवणं हेच इंजिन मारू शकतं. चाचांनी ऑइलचं झाकण उघडून उलटं धरलं. आत ताकासारखा पांढरट थर. ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. मग चारही प्लग काढले, क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि जोर दिला. पुली तसूभरही हलली नाही. रिंगा गंजून बोअरला चिकटल्या असाव्यात, म्हणाले, पण उघडल्याशिवाय सांगणार नाही. खर्च किती, असं मालकाने दोनदा विचारलं. चाचांनी आकडा सांगितला नाही. जाम झालेल्या इंजिनाचा खर्च बाहेरून सांगणाऱ्या मिस्त्रीवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

आणि समजा इंजिन सुटलं. उभ्या गाडीचं दुखणं एका जागी नसतं. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होऊन पंप आणि इंजेक्टर धरतं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. ब्रेकचे पिस्टन गंजतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, वरून नवे दिसले तरी रबर तडकलेलं असतं. उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि वायरिंगचा दोष शोधणारा कारागीर दिवसाची मजुरी घेऊनही हात हलवत परत जाऊ शकतो. यातलं बरंचसं इंजिन चालू झाल्यावरच कळतं, म्हणजे तुमचे पैसे आत गेल्यावर. तिथून मागे फिरणं कठीण. एवढे घातले, आता थोडक्यासाठी कशाला सोडायची, असं घरचेच म्हणायला लागतात.

माझ्या मेहुण्याने नेमकं हेच केलं. त्याची मॅटिझ होती. ‘बॅटरी टाक, चालू व्हई जाई,’ असं त्याला गावाकडच्याच एकाने सांगितलं होतं आणि गंमत म्हणजे ती चालू झालीही. पुढे अडलं ते सुट्या भागांपाशी. मॅटिझ बनवणारी देवू कंपनी 2000 साली कोरियात दिवाळखोरीत गेली, पाठोपाठ भारतातला कारखानाही थंडावला. काही भाग शेवरोले स्पार्कचे बसतात, पण शेवरोलेनेही 2017 मध्ये भारतात विक्री थांबवली, आणि ती कंपनी तर आपल्या गुजरातेत, हालोलला गाड्या बनवत होती. साणंदच्या फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. मेहुणा एका सेन्सरसाठी भंगारबाजार पालथे घालत राहिला. मारुतीचं त्या मानाने बरं, इंजिनाचे भाग अजून मिळतात, पण दिवे, काचा, दाराचे रबर यांना तिथेही शोध पडतो.

लोक इंजिनाकडे बघतात आणि कागद शेवटी मागतात. मी म्हणेन, कागद आधी मागा. त्या एस्टीमचं आरसी बुक मालकाच्या वडिलांच्या नावावर होतं. वडील वारून बरीच वर्षं झालेली, नाव बदललेलं नाही, एक भाऊ शिरपूरला. वर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून नोंदीत. कर्ज फिटलं असेलही, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 आरटीओत गेल्याशिवाय बोजा निघत नाही. वारसांनी गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची, मग धुळ्याच्या आरटीओची एनओसी आणायची, मग गुजरातेत नोंदणी आणि इथला रोड टॅक्स. पंचवीस हजारांच्या गाडीसाठी शिरपूरच्या भावाची सही कोण आणणार?

शिवाय खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 वरून 5000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या मोटारीला ती 10,000 आहे. उशिराचा दंड वेगळा. आता पेच बघा. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि नोंदणी व विमा संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे आधी सगळी दुरुस्ती, मग टो करून नेणं, मग पास झाली तर झाली. दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून डीएल नंबरच्या गाड्या स्वस्तात दाखवणारेही भेटतात. तिथेही एनओसी हातात पडेपर्यंत एक रुपया देऊ नये.

एस्टीम मी घेतली नाही. त्यात माझी हुशारी फार नव्हती, चाचांनी पाना पिशवीत टाकला तिथेच विषय संपला होता. बंद गाडी ज्याने घ्यावी असाही माणूस असतो, नाही असं नाही. ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे, किंवा ज्याच्याकडे तशीच एक चालू गाडी आहे आणि सुट्या भागांसाठी दुसरी हवी आहे. किंवा ज्याला हा नाद आहे, घाई नाही, आणि गावाला जायला दुसरी सोय आहे. आखाजीला पोहोचायचं म्हणून घेणारा यात बसत नाही.

ज्यांच्या दारात अशी गाडी आधीच उभी आहे, त्यांनी ती नुसती भंगारवाल्याला ओढून देऊ नये. नोंद तुमच्या नावावर राहते, आणि ती कुणी पुन्हा रस्त्यावर आणली तर जबाबदारीही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी प्रत्यक्षात किती हात फिरलेली असो. ऑगस्ट 2021 मध्ये गांधीनगरच्या परिषदेत स्क्रॅप धोरण सुरू झालं, त्यानुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द करता येते. नवी गाडी घेताना तेच प्रमाणपत्र सवलतीला चालतं. भाव भंगारवाल्यापेक्षा थोडा इकडेतिकडे होईल, पण आरसी, ओळखपत्र आणि बँकेची एनओसी आधी एका पाकिटात घालून ठेवा, कारण बोजा निघाला नसेल तर तिथेही गाडी परत पाठवतात.