साठवलेली अकरा मिनिटं

आकडे आधी सांगतो, कारण वाद त्यांच्यावरूनच झाला. १९ जानेवारी २०२५, मुंबई मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. पहिले १० किलोमीटर ५८ मिनिटांत. निम्मं अंतर २ तास ४ मिनिटांत. ३० किलोमीटरला ३ तास ७ मिनिटं. शेवट ५ तास २१ मिनिटांनी. ठरलं होतं साडेचार तासांचं. म्हणजे शेवटचे १२ किलोमीटर मी पळालोच नाही, सव्वादोन तास स्वतःला ओढत नेलं.

यावर आमच्या कोचचं म्हणणं एकच, 'तुझी तयारी कच्ची होती.' त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. नाव लिहीत नाही. माणूस स्वतः उत्तम पळतो, हे मान्य आहे. पण तयारी कच्ची होती हे मी मान्य करणार नाही, आजही नाही.

माझी कंपनी चाकणला, साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. आमच्या रनिंग ग्रुपचा लाँग रन रविवारी, भक्ती-शक्ती चौकापासून स्पाइन रोडने. रविवारी माझी पहिली शिफ्ट असली की मी पहाटे पावणेचारला उठून प्राधिकरणातच ८-१० किलोमीटर करून बस पकडायचो. लांबचं अंतर गुरुवारी, एकट्यानं, देहू-आळंदी रस्त्यानं. साडेसहाच्या आत तळवडे ओलांडलं नाही तर ट्रेलर आणि डंपरमध्ये अडकायला होतं, म्हणून अंधारातच निघायचं. २८ किलोमीटर, ३० किलोमीटर, दोनदा ३२. सगळे किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या आसपास, आणि घरी आल्यावर जिना चढता यायचा. आठ तास लाइनवर उभं राहून हे केलंय. कच्ची तयारी म्हणणाऱ्यानं त्यातला एकही गुरुवार पाहिलेला नाही.

आदल्या संध्याकाळी सरांनी गणित मांडलं. शेवटी दमायला होतंच, तेव्हा सुरुवातीलाच वेळ साठवून ठेवायचा आणि शेवटी तो खर्च करायचा. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मी क्वालिटीत आहे, दिवसभर गेज हातात असतो, जे दिसतं तेच लिहायची सवय आहे. साडेचार तासांसाठी किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद लागतात. मग सर सांगतात तसं ५:४५ नं कशाला पळायचं, हा प्रश्न डोक्यात आला होता. विचारला नाही. त्याची टोचणी अजून आहे.

पहाटे पाचला सीएसएमटीहून निघालो. मरीन ड्राइव्हवर गर्दी मोकळी झाली तेव्हा घड्याळात पाहिलं, ५:४०. म्हटलं, "सर, फास्ट होतंय." ते वळलेही नाहीत. "घड्याळ बघू नकोस, माझी पाठ बघ." आणि मी पाठ बघत पळालो. आम्ही सातजण तसे पळालो. त्याच सुमाराला एका काकांना आम्ही मागं टाकलं. साठीच्या पुढचे असावेत, पिवळा टी-शर्ट, मनगटाला रुमाल बांधलेला. आपल्याच लयीत चालले होते. मला त्यांच्याबद्दल वाटलं, बिचारे.

सी-लिंक उतरून माहीमकडे आलो तोवर सर बरेच पुढे गेले होते. दंडावर मिठाचा पांढरा थर. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे थंडी असते, हवा कोरडी, घाम जागच्या जागी वाळतो. मुंबईत तो लवकर वाळत नाही, नुसता निथळतो. आधी पोटरी धरली, मग मांड्या. सिद्धिविनायकाच्या सुमारास मी ४२ मधून २८ वजा करायला गेलो आणि मला ते जमेना. रोज मायक्रॉनमध्ये हिशेब करणारा माणूस मी. तीनदा प्रयत्न केला. तेवढ्यात शेजारून पिवळा टी-शर्ट गेला. तेच काका, तीच लय. त्यांनी वेग वाढवला नव्हता. सकाळी पाचला ज्या चालीनं निघाले होते त्याच चालीनं ते माझ्या पुढे जात होते. "चला, चला," एवढंच म्हणाले. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

परतीचा पेडर रोडचा चढ ३५ किलोमीटरच्या पुढे आला. तिथल्या इमारतींमधली माणसं खाली उतरून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं वाटत होती. एका आजींनी माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि म्हणाल्या, "चाट बाळा, मग जा." त्या संपूर्ण सकाळी मला मिळालेला तो एकमेव योग्य सल्ला.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला, साडेचारच्या आत आलेल्या दोघांचा, मध्ये सर. खाली ओळ होती की ज्यांचा बेस कच्चा त्यांनी फुल मॅरेथॉनचा मोह टाळावा. मी उत्तर म्हणून माझ्या घड्याळातल्या वेळा टाकल्या, फक्त वेळा. आणि विचारलं की सातपैकी पाचजण तीसनंतरच कसे मोडले? "आकडे दाखवून पळता येत नाही," असं उत्तर आलं आणि दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. फोन नाही, चौकशी नाही. आमच्याकडे मशीनवर सातपैकी पाच पार्ट रिजेक्ट झाले तर मशीन थांबवून सेटिंग तपासतात. पार्टला कुणी दोष देत नाही.

का मोडलो, ते नंतर वाचून समजलं. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर ढोबळमानानं २००० कॅलरींची असते. पळताना किलोमीटरला वजनाच्या किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन ६८. भागून बघा, एकोणतीस-तीस किलोमीटरला तिजोरी रिकामी. चरबीही जळत असते म्हणून थोडी सवलत मिळते, पण वेग जितका जास्त तितका साखरेचा वाटा मोठा. म्हणजे सर ज्याला साठवणं म्हणत होते ती उधळपट्टी होती. निम्म्या अंतरापर्यंत ११ मिनिटं 'साठवली', पुढच्या निम्म्यात ६२ गेली.

आता ज्यांना पहिली फुल मॅरेथॉन करायची आहे त्यांच्यासाठी.

दर पाच किलोमीटरची वेळ कागदाच्या पट्टीवर लिहून मनगटाला बांधा, वर सेलोटेप लावा म्हणजे घामानं शाई पसरत नाही. खाणं भूक लागायच्या आधी सुरू करा, साधारण चाळिसाव्या मिनिटापासून. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. राजगिऱ्याचा लाडू पळताना घशात अडकतो, मी करून पाहिलंय. काय पचतं ते लाँग रनलाच तपासा.

नुसतं पाणी ढोसू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं, आणि जास्त धोका पळताना वजन वाढलेल्यांना, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांना होता. ओआरएस घ्यायचं तर पुडी वाचून घ्या. एक लिटरसाठीच्या प्रमाणित पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. साखर याहून फार जास्त असेल तर ते सरबत आहे.

आणि गोळी. "निघताना एक वेदनाशामक टाकून द्या," हेही सरांचंच. मी टाकली. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, नंतर झाली ती गडद चहासारखी. डॉक्टरांनी क्रिएटिनिन तपासलं, वाढलेलं होतं. आठवड्यानं उतरलं, पण तो आठवडा घरात कुणी नीट झोपलं नाही. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. कुणीही सांगितलं तरी घेऊ नका.

बाकीचं तुम्हाला माहीत आहेच: नवे बूट घालू नका, झोप पूर्ण करा, चाळिशीनंतर डॉक्टरांकडून तपासून घ्या.

माझे वडील देहूहून वारीला जायचे. तुकोबांची पालखी निघते त्या दिवशी पहिला मुक्काम देहूतच असतो, इनामदारवाड्यात. आकुर्डी दुसऱ्या दिवशी. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं. त्या पहाटे मरीन ड्राइव्हवर आठवायला हवं होतं.

साडेचार तासांत पोचायचं असेल तर पहिल्या १० किलोमीटरला ६४ मिनिटं लागू द्या. तुमचा कोच ५८ मिनिटांत पळत असेल तर त्याला जाऊ द्या, मग त्यानं कितीही फी घेतलेली असो.