भिंतीतले मोहोळ जाळू नका, पेटीत बसवा

शेतकरी बंधूंनो, आपल्या बीड जिल्ह्यात जुनी माळवदाची घरे, दगडमातीचे वाडे आणि पडक्या गढ्या अजून गावोगाव उभ्या आहेत. अशा घराच्या भिंतीतील भेगेतून किंवा कोनाड्यामागील पोकळीतून माशांची ये-जा सुरू झाली की घरातील मंडळी घाबरतात. मग रात्री टेंभा पेटवला जातो, नाहीतर कपाशीसाठी आणलेले कीटकनाशक त्या भेगेत ओतले जाते. हजारो माशा मरतात, कधी माळवदाच्या तुळईलाही आग लागते. आणि त्याच घरचा शेतकरी पुढे माघ-फाल्गुनात कांद्याच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये उभा राहून म्हणतो, "गोंडे भरपूर आले, पण बी का भरले नाही?"

कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारी माशी नसेल तर बी धरत नाही. काकडी, कारले, दोडका, टरबूज यांची नर व मादी फुले वेगवेगळी असतात; तेथेही माशीवाचून फळ नाही. सूर्यफूल, करडई, तीळ, तूर आणि डाळिंब यांनाही मधमाशीचा फायदा होतो. सीताफळाचे परागीभवन मात्र प्रामुख्याने बारीक भुंगेरे करतात, त्यासाठी पेटी ठेवून उपयोग नाही. म्हणून जे मोहोळ आपण जाळतो, ती आपल्याच शेतावरची मजुरी न घेणारी माणसे असतात, हे ध्यानात ठेवावे.

आधी माशी ओळखा

प्रत्येक मोहोळ पेटीत बसत नाही. हात घालण्यापूर्वी माशीची ओळख पटवणे सर्वात महत्त्वाचे आहे.

१) आग्या माशी : आकाराने सर्वात मोठी. उंच झाड, पाण्याची टाकी, पूल, शाळेचा सज्जा अशा ठिकाणी उघड्यावर एकच मोठे पोळे लोंबते. ही माशी पेटीत राहत नाही. डिवचली तर झुंडीने दूरवर पाठलाग करते.

२) फुलोरी माशी : सर्वात लहान. झुडपात किंवा कुंपणात तळहाताएवढे एकच पोळे असते. हीसुद्धा बंद पेटीत राहत नाही.

३) सातेरी माशी : अंधाऱ्या पोकळीत, म्हणजे भिंत, झाडाची ढोली, वारूळ, विहिरीची कपार येथे एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. हीच आपली पेटीत बसणारी माशी होय.

४) मेलिफेरा माशी : ही परदेशातून आणलेली. फुलोऱ्याच्या काळात मधपाळ हिच्या पेट्या शेतावर आणून ठेवतात. त्यातून सुटलेला थवा क्वचित भिंतीत शिरतो. हिची पेटी व चौकट सातेरीपेक्षा मोठी असते. एकीच्या चौकटी दुसरीच्या पेटीत बसत नाहीत.

थवा कसा पकडावा

पावसाळ्यानंतर फुलोरा वाढतो तशी वसाहतीत गर्दी होते. मग नवी राणी तयार होते आणि जुनी राणी सुमारे निम्म्या माशा घेऊन बाहेर पडते. हा थवा एखाद्या फांदीवर घोस करून लटकतो आणि शोधक माशा नवे घर पाहून येतात. हा मुक्काम काही तासांचा, कधी एक-दोन दिवसांचा असतो. निघताना माशांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखायला पोळे नसते, म्हणून थव्यातील माशा सहसा शांत असतात. डबे वाजवल्याने थवा खाली बसतो, ही मात्र केवळ समजूत आहे.

एक धोका लक्षात ठेवावा. आग्या माशीही प्रवासात असाच घोस करून मुक्काम करते. सातेरीपेक्षा जवळजवळ दीडपट लांब माशी दिसली तर पुढे जाऊ नये.

सातेरीच्या थव्यासाठी अशी कृती करावी :

१) जाळीचा बुरखा, पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा व हातमोजे घालावेत. अत्तर लावलेले नसावे.

२) घोसावर पाण्याचे बारीक तुषार मारावेत. माशा घट्ट बसून राहतात.

३) घोसाखाली कापडी पिशवी किंवा टोपली धरून फांदीला एकच जोराचा झटका द्यावा.

४) जमिनीवर पांढरे कापड पसरून त्यावर पेटी ठेवावी व माशा तिच्या दारासमोर ओताव्यात. राणी आत गेली असेल तर काही माशा दारात शेपटी वर करून पंख हलवतात आणि बाकीच्या रांगेने आत शिरतात. माशा पुन्हा फांदीकडे गेल्या तर राणी तेथेच राहिली असे समजून झटका पुन्हा द्यावा.

५) अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी कायमच्या जागी न्यावी.

भिंतीतील वसाहत कशी काढावी

हे काम थव्यापेक्षा अवघड आहे, कारण येथे माशांना पिले आणि मध राखायचा असतो. पहिल्या वेळी अनुभवी मधपाळाला सोबत घ्यावे. काम दुपार कलल्यावर सुरू करावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत उरकते. लहान मुले व जनावरे दूर न्यावीत.

प्रथम स्मोकरने तोंडाशी थोडा धूर द्यावा. जुने गोणपाट किंवा गोवरीचा थंड धूर पुरे, ज्वाळा नको. मग भिंतीचे दगड वा फळी हळूच काढून पोळी उघडी करावीत. एकेक पोळे धारदार सुरीने कापावे. वरचा मधाचा भाग वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवावा. अंडी-अळ्यांचा भाग चौकटीत पूर्वी होता त्याच दिशेने, वरची बाजू वरच ठेवून, सुती दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधावा. उलटा बांधू नये. पिलांच्या पोळ्याला ऊन लागू देऊ नये. बांधलेल्या चौकटी पेटीत मधोमध लावाव्यात.

आता राणी शोधावी. ती लांबट असते व तिचे पंख पोटापेक्षा आखूड दिसतात. ती सापडली तर राणी-पिंजऱ्यात घालून चौकटींच्या मध्ये ठेवावी. न सापडल्यास माशांचा सर्वात दाट घोळका अलगद पेटीत घ्यावा. राणी बहुधा त्यातच असते. पेटीचे दार जुन्या भोकाजवळ ठेवून अंधार पडेपर्यंत थांबावे, म्हणजे रानातून परतलेल्या माशाही आत जातात.

रिकाम्या पोकळीतील मेण खरवडून काढावे आणि भोक चुना-सिमेंटने पक्के बुजवावे. मेणाचा वास राहिला तर दुसरा थवा तेथेच येतो. भिंत भार पेलणारी असेल तर ती फोडू नये. भेगेत पूर्वी कीटकनाशक टाकले असेल तर तो मध खाऊ नये, माशांनाही देऊ नये. विहिरीच्या कपारीतील मोहोळ त्रास देत नसेल तर तसेच राहू द्यावे. दोराला लटकून ते काढण्याचे धाडस करू नये.

पेटीत बसवल्यानंतर

बहुतेकांचा प्रयत्न येथेच फसतो. आज पेटीत घातलेली सातेरी चार दिवसांत उडून जाते. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

• काढलेली वसाहत जुन्या जागेपासून दोन किलोमीटरपेक्षा दूर न्यावी. जवळच ठेवल्यास बाहेर गेलेल्या माशा जुन्या भिंतीकडे परततात.

• पेटीत अंडी-अळ्यांचे पोळे असू द्यावे. पिले असली की माशा सहसा घर सोडत नाहीत.

• पहिले आठ दिवस रोज संध्याकाळी समभाग साखर व पाण्याचा पाक पेटीच्या आत द्यावा. पाक बाहेर सांडू नये. मुंग्या व लुटारू माशा येतात.

• दाराला राणी-अटकाव जाळी लावावी. पोळ्यात नवी अंडी दिसली की काढावी. थव्यातील राणी कुमारी असेल तर मात्र जाळी लावू नये, कारण मिलनासाठी तिला बाहेर जावेच लागते.

• पेटी सावलीत ठेवावी. घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. चैत्र-वैशाखात जवळ पाणी हवेच.

• थाई सॅकब्रूड या विषाणू रोगाने १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. म्हणून रानातून आणलेली वसाहत जुन्या पेट्यांपासून काही आठवडे वेगळी ठेवावी व त्यांच्या चौकटी एकमेकींत मिसळू नयेत.

आग्या मोहोळाबाबत

शाळेवर किंवा टाकीवर आग्या बसला तर दगड मारू नये, खाली जाळ-धूर करू नये. ती जागा दोरी बांधून बंद करावी व ग्रामपंचायतीमार्फत जाणकारांना बोलवावे. फुलोरा संपला की ही माशी आपणहून स्थलांतर करते. ती गेल्यावर मेण खरवडून जागा स्वच्छ करावी, कारण ती पुन्हा त्याच जागी येते.

हल्ला झाल्यास हात न झटकता, तोंड झाकून बंद खोलीत शिरावे. काटा नखाने लगेच खरवडून काढावा. तो राहिला तर विष आत जात राहते. डंखाच्या वासाने इतर माशाही तेथेच डंख मारतात, म्हणून जागा धुवावी. अंगावर गांधी, चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास किंवा पुष्कळ डंख झाले असतील तर घरगुती उपचारात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवून दवाखाना गाठावा.

प्रशिक्षण कोठे मिळेल?

महाबळेश्वर येथील मध संचालनालय मधमाशीपालनाचे प्रशिक्षण देते. त्याची चौकशी बीडच्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करावी. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हे काम करीत आहे. जवळचा सल्ला दिघोळ अंबा व खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांत मिळेल. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. आपण निदान आपल्या गावात टेंभा न पेटवण्याचे ठरवू या.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, यंदा भिंतीत माशा दिसल्या तर आधी त्या कोणत्या जातीच्या आहेत ते पाहा. सातेरी असेल तर पेटी तयार ठेवा, आग्या असेल तर वाट पाहा. दोन्ही वेळा काडी मात्र खिशातच राहू द्या.