स्कोप घेताय? आधी अंतर सांगा

रायफलीच्या स्कोपच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि बहुतेक गिऱ्हाईक तिथेच भुलते. 3-9×40 याचा अर्थ लक्ष्य तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठे दिसेल आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर आहे, एवढाच. शेजारच्या खोक्यावर 4-12×50 लिहिलेले असले की साहजिकच तो माल जास्त भारी वाटतो. साताऱ्याकडच्या एका निवृत्त मोजणीदारांना तसेच वाटले. हौसेखातर घेतलेल्या .177 बोअरच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीवर त्यांनी तो मोठा स्कोप चढवला. "काका, 100 मीटरवरचं बारीक अक्षर वाचता येईल," असे दुकानदार म्हणाला होता. त्यात खोटे काही नव्हते. पण काकांचे लक्ष्य होते शेताच्या कडेला, मुरमाच्या उंच ढिगापुढे लावलेला कागद, आणि तो जेमतेम 25 मीटरवर होता.

कागद धूसर दिसला, ते एक वेळ चालले असते. खरी अडचण दुसरीच निघाली. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवलेली असताना डोके जरा वर-खाली केले की स्कोपमधल्या उभ्या-आडव्या तारा कागदावरून सरकत होत्या. रायफल जागची हलत नव्हती, नेम मात्र हलत होता. छर्रे कधी डावीकडे, कधी वर, असे विखरून लागत होते आणि बरोबरची पोरे काकांच्या हातात दोष शोधत होती.

ज्याचे आयुष्य थिओडोलाइट आणि डंपी लेव्हल या मोजणीच्या दुर्बिणींवर गेले त्याला या रोगाचे नाव दुसऱ्याने सांगावे लागत नाही. हा पॅरलॅक्स. मोजणीच्या कामात उमेदवाराला पहिल्या दिवशी शिकवतात की आधी आयपीस फिरवून तारा स्पष्ट करायच्या, मग समोरचा स्टाफ (मापाची उभी पट्टी) फोकसमध्ये आणायचा, मग डोळा हलवून तारा सरकतात का ते बघायचे आणि त्यानंतरच रीडिंग घ्यायचे. स्कोप म्हणजे रायफलीवर बसवलेली तसलीच दुर्बीण आहे, हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे होते.

या दुर्बिणीची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. पुढचे भिंग लक्ष्याची एक छोटी, उलटी प्रतिमा नळीच्या आत तयार करते. मधली भिंगे ती सुलटी करतात आणि डोळ्याजवळचे भिंग ती मोठी करून दाखवते. प्रतिमा जिथे तयार होते नेमक्या त्याच पातळीत एखादा धागा ठेवला, तर धागा आणि लक्ष्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हा शोध इंग्लंडचा तरुण खगोलज्ञ विल्यम गॅस्कॉइन याला 1640 च्या सुमारास लागला, आणि तो लावला एका कोळ्याने. दुर्बिणीच्या आत कोळ्याने विणलेला तंतू नेमका त्या पातळीत आला होता, आणि आभाळाकडे बघताना गॅस्कॉइनला तो रेखीव दिसला. पुढे कितीतरी काळ मोजणीच्या यंत्रांत आणि बंदुकांच्या स्कोपमध्ये खरोखर कोळ्याचे तंतू ताणून बसवत. आता बारीक तार असते, नाहीतर काचेवर कोरलेली रेघ.

मेख अशी की प्रतिमेची जागा लक्ष्याच्या अंतराप्रमाणे बदलते. तारा मात्र आपल्या जागी असतात. कारखान्यात स्कोप एका ठरावीक अंतराला जुळवलेला असतो. मोठ्या रायफलींच्या स्कोपना हे अंतर साधारणपणे 100 यार्ड असते, .22 रिमफायरच्या स्कोपना बहुधा 50. त्या अंतरावर डोळा कुठेही असो, नेम सरकत नाही. त्याच्या अलीकडे-पलीकडे मात्र सरकतो. हिशेब करून बघा. 50 मिलिमीटरचे भिंग, जुळणी 100 यार्डांची आणि लक्ष्य 25 मीटरवर असेल, तर डोळा अगदी कडेला गेल्यावर नेम पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत चुकतो. भिंग जितके मोठे तितकी ही कमाल चूक मोठी. म्हणजे ज्या 50 च्या आकड्यासाठी काकांनी जादा पैसे मोजले, त्यानेच त्यांचे नुकसान केले. एअर रायफलीसाठी पुढच्या भिंगावर किंवा नळीच्या बाजूला अंतर जुळवायची चकती असलेला, 10 मीटरपर्यंत खाली येणारा स्कोप हवा.

ब्रिटनमध्ये 1980 साली सुरू झालेल्या 'फील्ड टार्गेट' या एअर रायफलींच्या खेळात तर नेमबाज याच चकतीने अंतर मोजतात. लक्ष्य 8 ते 55 यार्डांत कुठेही असू शकते आणि कुठे, ते कोणी सांगत नाही. नेमबाज मोठी चकती सावकाश फिरवतो. चित्र लख्ख झाले की चकतीवर स्वतः लिहिलेला आकडा वाचतो आणि तेवढ्या अंतराचा नेम धरतो. इथे जबर वर्धनाला खरा अर्थ आहे, कारण वर्धन जितके जास्त तितका फोकस अचूक सापडतो.

काकांची दुसरी ठेच वेगळ्या जातीची होती. सकाळी झिरो केलेली, म्हणजे नेम धरावा तिथेच छर्रा लागेल अशी जुळवलेली, रायफल दुपारपर्यंत बदललेली असे. शेवटी त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने स्कोपच्या नळीवर, तिला धरून ठेवणाऱ्या रिंगच्या अगदी कडेला, एक रेघ मारली. थोडे छर्रे झाडल्यावर रेघ आणि रिंग यांच्यामध्ये केसभर काळी पट्टी दिसू लागली. स्कोप रिंगमधून सरकत होता.

याचे कारण स्प्रिंगच्या रायफलीच्या स्वभावात आहे. घोडा ओढला की आतला जड दट्ट्या पुढे धावतो आणि रायफल मागे येते. दट्ट्या आपल्या नळीच्या टोकाशी आदळून थांबला की तीच रायफल क्षणात पुढे झटका खाते. दारूगोळ्याच्या रायफलीचा धक्का बहुतांशी एकाच दिशेने, मागे येतो आणि त्यासाठी बनवलेल्या स्कोपची भिंगे त्याच दिशेला पक्की बसवलेली असतात. त्यामुळे भल्याथोरल्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेला स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलीवर महिनाभरात खिळखिळा होऊ शकतो. कधी आतले भिंग निसटते, कधी तार तुटते. दुकानात विचारायचा नेमका प्रश्न म्हणूनच असा: हा स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी बनवलेला आहे का? आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीला धक्का जवळजवळ नसतो, तिथे ही काळजी नाही.

या रिंगा रायफलीवर बसवणाऱ्या माउंटकडे तर लोक शेवटी उरलेल्या पैशात बघतात. एअर रायफलीवर बहुधा 11 मिलिमीटरची खाच असते, मोठ्या रायफलींवर वीव्हर किंवा पिकाटिनी रेल. एकीचे माउंट दुसरीवर बसत नाही. स्कोपची नळी 1 इंची असते किंवा 30 मिलिमीटरची, त्यामुळे रिंग त्याच मापाची हवी. स्प्रिंगच्या रायफलीसाठी खाली खुंटी असलेले माउंट घ्यावे. रायफलीवरच्या भोकात ती खुंटी अडकली की माउंट मागे सरकत नाही. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. सरकतोय म्हणून जीव खाऊन आवळला तर नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकून बसते.

मग येतो आपल्याकडचा पाऊस. स्कोपच्या आत शिरलेली दमट हवा थंडाव्यात भिंगावर धरते आणि ऐनवेळी समोर नुसते धुके दिसते. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ओल्या जंगलात मार्कस ल्युपोल्ड या शिकाऱ्याचे हरीण असेच हुकले. योगायोग असा की त्याच्या घराण्याचा कारखाना मोजणीची यंत्रे बनवणारा होता, त्यामुळे भिंगे आणि नळ्या त्याच्या हाताखालच्या होत्या. याहून बरा स्कोप आपण बनवू शकतो या हट्टाने तो कामाला लागला आणि 1947 मध्ये त्याच्या कंपनीचा 'प्लेन्समन' बाजारात आला. आतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायचा आणि नळी बंद करायची, ही युक्ती आता साधारण बऱ्या स्कोपमध्येही असते. ती नसलेला स्कोप कोकणात किंवा महाबळेश्वरच्या पावसात नेऊ नये. आत नायट्रोजन असला तरी बाहेरच्या काचेवर बुरशी चढतेच. पावसाळ्यात स्कोप चामड्याच्या पिशवीत कोंडून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि काच शर्टाच्या टोकाने पुसू नये.

उजेडाबद्दलही गैरसमज बरेच. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. 4×32 च्या साध्या स्कोपमधून 8 मिलिमीटर, तर 12 पटींवर ठेवलेल्या 50 च्या भिंगातून 4 मिलिमीटरच्या थोडे वर. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा दोन्ही सारखेच. संधिप्रकाशात मात्र बाहुली रुंदावते आणि साधा, स्वस्त स्कोप जास्त उजळ दिसतो. शिवाय काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो. असे 10 पृष्ठभाग झाले की एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो. जर्मनीच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला याने 1935 मध्ये काचेवर अतिशय पातळ लेप देऊन ही गळती रोखायची पद्धत शोधली. म्हणून खोक्यावर भिंगाचा व्यास बघावा, त्याआधी सर्व भिंगांवर अनेक थरांचा लेप आहे का ते बघावे.

क्लिकचा हिशेबही पाठ हवा. टरेटवर, म्हणजे नेम जुळवायच्या चकतीवर, ¼ एमओए (कोनाचे एक माप) लिहिलेले असेल तर एका क्लिकने छर्रा 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर सरकतो, 25 मीटरवर पावणेदोन-दोन. छर्रे 25 मीटरवर 3.6 सेंटिमीटर खाली लागत असतील तर साधारण 20 क्लिक वर. स्कोप रायफलीच्या नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेला असतो, त्यामुळे 25 मीटरला झिरो केलेली एअर रायफल 5 मीटरवर दोनेक सेंटिमीटर खाली मारते. तिथे स्कोप बिघडला म्हणून टरेट फिरवत बसू नये. मिल-डॉट, म्हणजे तारांवर एकेका मिलच्या (हेही कोनाचे माप) अंतराने ठिपके असलेल्या स्कोपने अंतरही काढता येते. लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, 1000 ने गुणायची आणि ते जितके मिल व्यापते त्याने भागायचे. अर्धा मीटर उंचीची पाटी 10 मिल व्यापत असेल तर ती 50 मीटरवर आहे. डंपी लेव्हलच्या स्टेडिया तारांमधले स्टाफचे अंतर 100 ने गुणणाऱ्या काकांना हे कागदावर मांडावेही लागले नाही.

इतके सगळे असूनही स्कोप लागतोच असे नाही. फिनलंडचा सिमो हायहा 1939-40 च्या हिवाळी युद्धात साध्या माशीवरच लढला. स्कोपसाठी डोके वर काढावे लागते, थंडीत काच धुरकटते आणि उन्हात चमकून जागा दाखवते, ही त्याची कारणे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेही बारीक छिद्राच्या पीप साइटवर. त्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नाही. मुलाला क्लबात घालायचे असेल तर स्कोपचे पैसे वाचवून पीप साइट आणि छर्ऱ्यांवर खर्च करावेत.

कायद्याचेही भान हवे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 बोअरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण म्हणून ती पाखरांवर रोखायची मुभा मिळत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्यांना लागू आहे. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोकांनी एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम चालवावी लागली, ती एअरगनच्या शिकारीपायीच. आणि लांबचे काही बघायला म्हणून रायफलीवरचा स्कोप कधीही उचलू नये. जिकडे स्कोप बघतो तिकडेच रायफलीची नळी रोखलेली असते.

काका आता विचारायला आलेल्या पोरांना क्रम सांगतात. आधी अंतर, मग रायफलीची जात, मग माउंट आणि सगळ्यात शेवटी वर्धन. 25-30 मीटरसाठी पॅरलॅक्स जुळवता येणारा 4×32 किंवा 3-9×40 भरपूर होतो. दुकानात दिव्याखाली न बघता स्कोप दाराशी आणून, दिवे लागायच्या वेळी समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरे वाचून बघावीत. डोळा आठ-दहा सेंटिमीटर मागे ठेवून पूर्ण वर्तुळ दिसते का तेही पाहावे, कारण दारूच्या रायफलीवर डोळा याहून जवळ आला तर स्कोपची कड भुवई फोडते. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात चौकोन मारावा. एकाच ठिपक्यावर नेम धरून तीन छर्रे, मग 20 क्लिक उजवीकडे वळवून तीन, 20 खाली, 20 डावीकडे, 20 वर. 25 मीटरवर कागदावर साधारण 3.6 सेंटिमीटरचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचे तीन छर्रे पहिल्या तिघांतच मिसळले पाहिजेत. नसतील तर आधी माउंटचे स्क्रू तपासून पुन्हा मारावा, आणि तरी चौकोन मिटला नाही तर तोच कागद बिलासोबत दुकानात न्यावा.