पाच नद्यांचं राज्य आणि चौदा लाख पंप

पंजाब म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सिनेमातली पिवळीधमक मोहरी, भांगडा आणि लस्सीचा भलामोठा ग्लास! पण नकाशा उघडला तर पहिला धक्का नावातच बसतो. 'पंज' म्हणजे पाच आणि 'आब' म्हणजे पाणी. झेलम, चिनाब, रावी, बियास, सतलज. १९४७च्या फाळणीनंतर यातल्या शेवटच्या तीनच भारतीय पंजाबच्या वाट्याला आल्या. १९६६ मध्ये हरियाणा वेगळा झाला आणि राज्य आणखी लहान झालं. आज देशाची जेमतेम दीड टक्का जमीन त्याच्याकडे आहे.

तिथले भागसुद्धा नद्यांवरूनच ओळखतात. रावी आणि बियासच्या मधला माझा, बियास-सतलजमधला दोआबा आणि सतलजच्या दक्षिणेचा माळवा. (आपले संत नामदेव ज्या घुमानला राहिले, ते माझामध्ये येतं. २०१५चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.) नद्यांनी आणलेला गाळ, सपाट जमीन, सतलजवर हिमाचलात बांधलेलं २२६ मीटर उंचीचं भाक्रा धरण आणि त्याचे कालवे. शेतीला आणखी काय पाहिजे?

हरितक्रांती, बुटका गहू, लुधियानाचं कृषी विद्यापीठ हे सगळं आपण शाळेत मार्कांसाठी पाठ केलंय, म्हणून ते सोडून देतो. खरी गोष्ट भाताची आहे. पंजाबी माणूस मुळात रोटी खाणारा. १९६०-६१ मध्ये तिथे भाताखाली सव्वादोन लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती, आता ती तीस लाखांच्या वर आहे. कारण सरळ आहे. हमीभाव ठरलेला, मंडीत सरकारी खरेदी ठरलेली. तो तांदूळ मग रेशनवर देशभर जातो.

पण भाताला पाणी लागतं आणि कालवे पुरत नाहीत. म्हणून ट्यूबवेल, चौदा लाखांहून जास्त! सुमारे ७० टक्के सिंचन त्यांच्यावर चालतं. म्हणजे नद्यांचं राज्य जमिनीखालच्या पाण्यावर जगतंय.

आता मेकॅनिकलवाल्यांनो, इथे आपला विषय येतो. साधा सेंट्रिफ्युगल पंप वर ठेवला तर हवेच्या दाबामुळे थिअरीत १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच पाणी ओढतो. पातळी त्याखाली गेली तेव्हा शेतकऱ्यांनी खड्डे खणून पंपच खाली उतरवले. पाणी आणखी खाली गेलं, मग सबमर्सिबल आले. हेड दुप्पट झालं की तेवढंच पाणी काढायला वीजही दुप्पट लागते. पण १९९७ पासून (मधली काही वर्षं सोडता) शेतीची वीज फुकट आहे, त्यामुळे हे गणित मीटरवर दिसतच नाही. दिसतं ते नव्या बोअरच्या कर्जात. ज्याला ते झेपत नाही तो मोठ्या शेतकऱ्याकडून पाणी विकत घेतो. दरवर्षी जमिनीत जितकं मुरतं, त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी उपसलं जातं.

सरकारने २००९ मध्ये कायदा केला की ठराविक तारखेआधी, तेव्हा १० जून, भात लावायचा नाही. उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी वाचावं हा हेतू चांगला होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. गहू पेरायला दोन-तीन आठवडेच उरतात, मग उभे खुंट जाळणं सगळ्यात स्वस्त. दिल्लीच्या नोव्हेंबरातल्या धुराचं हे एक कारण आहे.

भात कमी करा, हे १९८६ मध्येच अर्थतज्ज्ञ सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने सांगितलं होतं. त्यानंतर भात वाढतच गेला. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यात ऊस का दिसतो, याचं उत्तर फार वेगळं नाही. मका लावा म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण मका पिकवून मंडीत नेला तर भातासारखी खात्रीने हमीभावाची खरेदी होत नाही. मग पाच एकरवाला, डोक्यावर बोअरचं कर्ज असलेला शेतकरी जूनमध्ये पुन्हा भाताचीच रोपं लावतो.