अ‍ॅमेझॉनचे लहान मासे : आधी पाणी, मग मासे

रिओ नेग्रो ही अ‍ॅमेझॉनची एक मोठी उपनदी. ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ ती मुख्य प्रवाहास मिळते. तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘काळी नदी’ असा आहे. अरण्यात कुजणाऱ्या पानांतून टॅनिनसारखी द्रव्ये पाण्यात उतरतात आणि ते कोऱ्या चहासारखे दिसू लागते. हे पाणी आम्लधर्मी असून त्यात क्षार अत्यल्प असतात. अशा पाण्यात कार्डिनल टेट्रा हा सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा मासा थव्याने वावरतो. त्याचे शास्त्रीय वर्णन १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्याचा जवळचा आप्त निऑन टेट्रा हा १९३६ पासून शास्त्रज्ञांना परिचित आहे. दोघांच्याही अंगावर चकाकणारा निळा पट्टा असतो. मात्र त्याखालचा तांबडा पट्टा कार्डिनलच्या अंगभर असतो, तर निऑनच्या केवळ मागील अर्ध्या भागात.

हे मासे अत्यंत शांत स्वभावाचे आहेत. तरीही नव्या मत्स्यालयात ते पुष्कळदा आठवडाभरातच मरतात आणि पाळणारा दोष देतो तो रोगाला किंवा खाद्याला. खरे कारण बहुधा पाण्यात असते. माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विषारी द्रव्य निर्माण होते. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्यापासून बरेच कमी अपायकारक असे नायट्रेट बनवतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे नसतात. गाळणीत व वाळूवर त्यांची वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून टाकी भरून गाळणी सुरू करावी आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो. पुढे खाद्य टाकत असतानाही चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आढळू लागले, की पाण्याचा काही भाग बदलून मासे थोडेथोडे आणावेत. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. आठ-दहा टेट्रांच्या थव्यास ते पुरते. एकटादुकटा टेट्रा भेदरलेला राहतो. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात ठेवल्यास त्यास रिओ नेग्रोची फिकट तपकिरी छटा येते.

तळाशी मिशाळ कोरिडोरास पाळायचे असल्यास बारीक वाळू अंथरावी, कारण ते वाळूत तोंड खुपसून अन्न शोधतात. अधूनमधून ते पृष्ठभागी येऊन हवा गिळतात व तीतील प्राणवायू आतड्यातून शोषून घेतात. हे आजाराचे लक्षण नव्हे. परंतु ते वारंवार वर येऊ लागल्यास पाण्यातील प्राणवायू कमी झाला असल्याचा संशय घ्यावा.

पुढे दर आठवड्यास सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी नाहीसे करावे. गाळणीचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतल्यास कित्येक आठवडे जोपासलेले जीवाणू काही मिनिटांत नष्ट होऊ शकतात.